माझ्या मुलीच्या बाई

कड्याच्या बाई मुली मोजत नसत. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी कामचुकारपणा म्हटला असता, पण त्यांचं वेगळं होतं. वर्गाच्या दारात उभं राहून त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदा नजर फिरवत आणि म्हणत, "आज रुक्मिण न्हाई. आन् सायरा, तू कावून अशी बसलीस गं?" हजेरीचा आकडा वहीत लिहायचा तो तास संपल्यावर, व्हरांड्यात, मुलींकडे पाठ करून. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमचा आबा मेंढरं राखायचा. जितराबावर बोट फिरवून मोजायचं न्हाई, त्यांची तोंडं वळखायची, असं त्यानं शिकवलंय." मी विज्ञान शिकवते. तिथल्या तिथं मी त्यांना अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, "आसंल मॅडम," म्हणाल्या आणि पुढच्या तासाला पुन्हा तसंच केलं.

वडवणीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मी तिथं बारा वर्षं काढली होती आणि नुकतीच पर्यवेक्षिका झाले होते. त्यांचं माहेर आष्टी तालुक्यातलं कडा, म्हणून त्या कड्याच्या बाई. खरं नाव पगारपत्रकातच काय ते दिसे. मला सगळे मॅडम म्हणायचे. ती सवय मीच लावली होती आणि मला ती आवडायचीही. पण त्या आल्या आणि दोनेक महिन्यांत शाळेत 'बाई' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं येऊ लागलं. मधल्या सुट्टीत मुली त्यांच्याभोवती डबे उघडून बसत आणि माझ्या टेबलाजवळून जाताना मात्र ओढणी नीट करून जात. मला माझंच 'मॅडम' परकं वाटायला लागलं.

त्या वर्गातसुद्धा घरच्यासारखंच बोलत. भूगोलाच्या तासाला 'हाय' आणि 'न्हाई', 'लई' आणि 'गेलतो'. मुख्याध्यापकांपुढं मी हा विषय काढला, अर्थात मुलींच्या हिताचा आव आणून. त्यांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "सर, लिवायचं पुस्तकातल्या भाषेत, ते मी शिकवतेच की. पर समजायचं ते घरच्याच भाषेत समजतंय." मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी चहा मागवला. त्या वर्षी भूगोलात एकही मुलगी मागं राहिली नाही. विज्ञानात राहिल्या, किती ते मी इथं लिहीत नाही.

इथवर सगळं खपलं असतं. शाळा म्हटली की असं चालायचंच. पण माझी मुलगी शिवानी त्याच शाळेत नववीत होती. आमचं घर किराणा दुकानाचं. हे सकाळी शंकराच्या फोटोला फूल वाहून गल्ल्यावर बसले की दुपारी जेवायलाच उठायचे, त्यामुळं शिवानी लहानपणापासून माझ्याच पदराला. पाल भिंतीवर कशी चिकटते, दुधाचं दही का होतं, सगळे प्रश्न मला. तिच्या नजरेत आपण जगातली सगळ्यात शहाणी बाई असावं, एवढी एकच हाव मी बाळगली होती. आणि आता ती ताटावर बसली की "बाई म्हणत होत्या" असं सुरू व्हायची. आपल्या डोंगराचं पाणी कुठल्या नदीला जातं ते बाईंनी दाखवलं. मातीचा वास घेऊन ती कोणत्या रानातली ते बाई सांगतात. ती मला काही विचारेनाशी झाली, सांगायला मात्र लागली. मला हेवा वाटत होता. तेव्हा मी याला काळजी, शिस्त, अभ्यास अशी बरीच नावं दिली. आता नाव बदलत नाही.

म्हणून मी समुद्राची सहल काढली. आमच्या शाळेच्या सहली आजवर देवस्थानांपलीकडं गेल्या नव्हत्या. मी किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाचा प्रस्ताव मांडला आणि तो लगेच मंजूर झाला. खरं कारण असं, की मी दोन वेळा समुद्र पाहिला होता आणि कड्याच्या बाईंनी एकदाही नाही. महिनाभर बसून मी नावं गोळा केली, चित्रं चिकटवली, प्रत्येक मुलीसाठी एक तक्ता केला. शिवानी ते बघत शेजारी बसायची आणि एकदा म्हणाली, "आई, तुला किती माहितीय गं." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

एसटीची ठरवलेली गाडी, बेचाळीस मुली, आम्ही दोघी आणि एक शिपाई. श्रीवर्धनच्या बाजूला एका लहान गावात उतरलो. सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला तशा मुली ओरडत पळाल्या. बाई मात्र चपला हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते, आता या काहीतरी भाबडं बोलणार. मग शिवानीनं विचारलं, "कसा वाटला, बाई?" तर म्हणाल्या, "ह्याला राखणारं कुणी दिसंना, तरी वेळेवर परत येतंय." मुलींना ते एवढं आवडलं की दिवसभर त्या एकमेकींना तेच ऐकवत होत्या. माझ्या तक्त्यावर भरती-ओहोटीची आकृती होती, चंद्रासकट. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

ओहोटीच्या वेळी आम्ही वाळूवरून खडकांकडं निघालो. मी पुढं, तक्ता हातात. ओल्या वाळूत मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पडली होती. बाई उकिडव्या बसल्या, हलायचं नाव नाही. थोड्या वेळानं भोकातून एक इवलासा खेकडा बाहेर आला आणि दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात सारायला लागला. "चाळून खातोय बघा," बाई हळूच म्हणाल्या, "खाण्याजोगं ठिवतोय आन् बाकीची गोळी करून टाकतोय. मॅडम, ह्याचं नाव काय हाय?" मी नाव सांगितलं. मुलींनी ते लिहून घेतलं आणि परत बाईंच्या भोवती बसल्या. दिवसभर हेच. निवट्या मासा चिखलावरून उड्या मारत गेला, तो बाईंना आधी दिसला. खडकाला चिकटलेली कालवं, पाण्यात फुललेलं समुद्रफूल, पायांचे ठसे उमटवत पळणारे चिखल्या पक्षी, सगळं त्यांना दिसायचं आणि नाव त्या मला विचारायच्या, अगदी मनापासून, विद्यार्थिनीसारखं. नावं माझी होती आणि मुली त्यांच्या. एखाद्याचा राग यावा तर त्यानं निदान थोडा उद्धटपणा करावा की नाही? त्या बाबतीतही त्यांनी मला काही मिळू दिलं नाही.

त्याच किनाऱ्यावर त्या दिवशी आणखी एका शाळेची सहल होती, सांगलीकडची. त्यांचाही गणवेश निळा आणि ओढणी पांढरी. मुली एकमेकींत मिसळल्या, शिंपल्यांची देवाणघेवाण झाली. दुपारी एका होडीवाल्या काकांनी येऊन सांगितलं की पाणी फिरलंय, आता खडकांवरून मुलींना काढा. मी शिट्टी वाजवली, रांग करायला लावली आणि मोजलं. बेचाळीस. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. बेचाळीस. "चला," मी म्हटलं, "जेवण तयार आहे."

बाई रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी मागून पुढं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "थांबा मॅडम. ती तिसरी पोरगी आपली न्हाई." खरंच ती सांगलीकडची होती, आमच्या मुलींशी बोलता बोलता रांगेत आलेली, तोंडावर हात धरून हसत होती. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आन् आपली शिवानी न्हाई."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. माझी स्वतःची मुलगी रांगेत नव्हती आणि माझा आकडा बरोबर आला होता.

मी हाका मारायला लागले, पण वाऱ्यावर हाक पुढं जात नव्हती. बाई वाळूकडं बघत काळ्या खडकांच्या मागच्या अंगाला गेल्या. मी त्यांच्यामागून धावले. तिथं पलीकडच्या एका खडकावर शिवानी पाठमोरी बसली होती, पाण्याच्या डबक्यात डोकं घालून समुद्रफूल बघत. ती आणि आम्ही यांच्यामधली जागा, जिथून ती मघाशी कोरड्या पायांनी गेली असणार, पाण्यानं भरली होती. लाटेगणिक पाणी चढत होतं. बाईंना पोहता येत नव्हतं. मलाही येत नाही. पण त्यांनी लुगड्याचा काचा मारावा तशी साडी खोचली आणि सरळ पाण्यात शिरल्या, एक पाय टेकला की मग दुसरा उचलत. मी काठावर उभी होते. माझे पाय उचललेच नाहीत. एवढंच खरं आहे, त्याला पुढं-मागं काही जोडता येत नाही.

पाणी बाईंच्या कमरेला लागलं. शिवानीनं त्यांना पाहिलं, मग पाणी पाहिलं, आणि ती "बाई" म्हणून रडायला लागली. बाईंनी तिला कडेवर घ्यावं तसं अंगाशी धरून आणलं. आणि ती वाळूवर उतरल्याबरोबर मी काय केलं, तर तिला जवळ घेण्याआधी एक चापट मारली. ती बाईंच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. बाईंनी भिजलेला पदर पिळला आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमची मोजणी बरोबरच हुती. कुणी इचारलं तर मी बी तेच सांगन." आणि खरंच, शाळेत परतल्यावर मुख्याध्यापकांना त्यांनी एवढंच सांगितलं की शिवानीच्या पायात शंख रुतला म्हणून उशीर झाला.

जेवण गावातल्या एका घरी सांगितलं होतं, पडवीत. एका बाजूला मासळीच्या जेवणाची पंगत आणि एका बाजूला आमच्यासारख्या माळकरी आणि शिवभक्त घरच्यांची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि शेवटी उकडीचे मोदक. पलीकडच्या पंगतीत तळलेला बांगडा आणि नारळाच्या वाटणाचं कालवण. गाडीत बसल्यापासून बाई समुद्राच्या मासळीचं नाव काढत होत्या. आमच्याकडं मिळते ती तलावातली किंवा बर्फातली, ताजी कशी लागते ते एकदा बघायचंय म्हणत होत्या. त्यांच्या ताटात बांगडा पडलाही होता. शिवानी त्यांना सोडायला तयार नव्हती, कोरड्या शालीत गुंडाळून त्यांच्या शेजारी बसली होती, आणि मी समोरच्या पंगतीत एकटी. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग ते ताट शेजारच्या मुलीकडं सरकवलं, शिवानीला उठवलं आणि तिला घेऊन आमच्या पंगतीत आल्या. मध्ये शिवानी, एका बाजूला मी, एका बाजूला त्या. वाढणाऱ्या काकूंना म्हणाल्या, "आमाला बी वालाचंच वाढा."

शिवानीनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि बिरड्यात बुडवला. मला वाटलं, आता ती तो कुणाला दाखवणार, कुणाला विचारणार, हे काय आहे म्हणून. तिनं बाईंकडं तोंड केलं. बाई म्हणाल्या, "आईला इचार." तिनं मला विचारलं. मी वाल कसे मोड आणून सोलतात ते सांगितलं, कोकमाचा रंग कुठून येतो ते सांगितलं. ती ऐकत होती. बिरडं उत्तम झालं होतं, सगळे मागून मागून खात होते. मी मात्र ताटातली भाकरी नुसती मोडत बसले होते, कारण माझी मुलगी माझ्याशी बोलत होती तीही दुसऱ्या कुणीतरी सांगितलं म्हणून.

उपकार झाल्यावर हेवा जातो असं कुणाला वाटत असेल तर तसं होत नाही. तो आणखी वाढतो. आता मला बाईंना नावं ठेवायचीही सोय उरली नव्हती. शाळेत मी त्यांच्याशी गोड बोलायला लागले आणि आतून माझा तिळपापड व्हायचा. शिवानी समुद्राची पुस्तकं शोधून आणायला लागली. त्या तक्त्यांसाठी राबले होते मी, पण समुद्र तिला दिला बाईंनी, असंच घरात बोललं जायचं. हेसुद्धा असंच म्हणायचे आणि वर दुकानातली गुळाची ढेप बाईंकडं पाठवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेनं बाईंची बदली काढली, गेवराईकडं चकलांब्याला. गावातल्या पालकांनी ती थांबवावी म्हणून अर्ज केला. सह्या गोळा करायला शिवानी मैत्रिणींना घेऊन उन्हात दारोदार हिंडली. संस्थेची बैठक बीडला होती आणि शाळेकडून मी जाणार होते. शिवानीनं अर्ज घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, तू दिलास की होणारच." कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं त्या जुन्या नजरेनं बघत होती.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, वडवणीचं काही आहे का. अर्ज माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी दोन पंख्यांची आणि स्वच्छतागृहाच्या दाराची मागणी केली आणि खाली बसले. येताना बीडच्या बसस्थानकात मी तो अर्ज फाडला. घरी येऊन शिवानीला सांगितलं, "दिला गं, पण त्यांनी ऐकलं नाही." ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं, मी तिच्यासाठी भांडून आले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला, कसं सांगू, बरं वाटलं.

बाई निघाल्या त्या दिवशी मी बसस्थानकावर गेले. न जाणं वाईट दिसलं असतं. त्यांची एक पेटी, एक वळकटी आणि मुलींनी दिलेल्या भेटवस्तूंची पिशवी होती. मुली लांब नळावर पाण्याच्या बाटल्या भरत होत्या. बीडची गाडी लागायला थोडा वेळ होता. बाई म्हणाल्या, "मॅडम, हापिसात गेलते मी, बदलीचा कागद घ्यायला. गावाचा अर्ज आलाच न्हाई म्हणाले." मी नळावरच्या मुलींकडं बघायला लागले. त्यांनीही तिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पोरीला सांगू नका. शिकवणाऱ्या तिला आजून लई भेटतील. आई काय दुसरी मिळायची न्हाई." गाडी आली. मुली धावत आल्या. बाई प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवून चढल्या आणि खिडकीतून माझ्याकडं बघून हसल्या.

त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण लाजेच्या आधी हेवा वाटला. एवढं मोठं मन एकाच माणसाकडं असावं आणि मला त्यातलं चिमूटभर मिळू नये, हा कुठला न्याय, असं मनात आलं.

चकलांब्याहून त्या दर दिवाळीला फोन करायच्या. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग दुकानाची, मग शिवानीची. शिवानी बारावीनंतर कोकणात गेली, आता समुद्रातल्या जीवांवरच शिकते आहे. गेल्या वर्षी दिवाळीला फोन आला नाही. बाईंनी पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी हे शिवानीला फोनवर सांगितलं. ती खूप रडली. शेवटी म्हणाली, "तेव्हा त्यांची बदली थांबली असती ना, तर आपण असतो त्यांच्याजवळ. आपण लवकर नेलं असतं."

मी खोटं बोलू शकले असते. आठ वर्षं बोलतच होते. पण बाईंचं ते 'सांगू नका' आता कुणासाठी पाळायचं, मला कळेना. मी तिला सगळं सांगितलं. पर्स, पंखे, स्वच्छतागृहाचं दार, फाडलेला कागद.

आता ती फोन ठेवणार असं मला वाटलं. पण तिनं विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी त्या दरवर्षी तुला फोन करायच्या?"

"हो. आधी माझी चौकशी करायच्या."

मग ती म्हणाली, "मग मीही येते. शनिवारी निघते."

ती आली. दुकानात वडिलांजवळ बसली, जेवली, माझ्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. जाताना दारात तिनं मला घट्ट जवळ घेतलं. तिनं मला माफ केलं होतं, कारण तिच्या बाईंनी केलं होतं. आणि पन्नाशी उलटलेली मी, पोटच्या मुलीच्या मिठीत उभी राहून, त्या गेलेल्या बाईंवर पुन्हा एकदा जळत होते.